श्रावणात पेरलेलं भात

माझं माहेर तारापूरच्या बाजूचं, खाडीकाठचं. सासर मात्र आत डोंगराकडं. तिथं डोंगरातून एक छोटी नदी उतरते आणि पुढं सूर्या नदीला मिळते. त्या नदीच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं, वर नाचणीची वरकस जमीन, त्याच्या वर जंगल. लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं, "मुलगा बोईसरला कारखान्यात आहे." कारखाना ऐकूनच मी हो म्हटलं, खोटं कशाला बोलू? मला वाटलं, खोली असेल, नळ असेल, बटण दाबलं की दिवा लागेल. मिळालं काय, तर गुडघाभर चिखल आणि सासूबाईंची जीभ! कारखाना नवऱ्याच्या वाट्याला आला आणि शेत माझ्या. तो बोईसरला कामावरच्या माणसांबरोबर राहायचा आणि सुट्टीला एसटीनं घरी यायचा.

मी गेले ती वर्षं सत्तर सालानंतरची. सासरे सांगायचे की पूर्वी त्यांची नदी होळीपर्यंत वाहायची. मी गेले तेव्हा दिवाळी सरली की डोह तेवढे उरायचे आणि बाकी नुसते गोटे. पूर्वी पाऊस म्हणे रोजच्या पाहुण्यासारखा यायचा, दोन घटका पडायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. आता यायचा तो धो धो यायचा आणि एकदा गेला की पंधरा-पंधरा दिवस तोंड दाखवायचा नाही. हवामान बदललं वगैरे आता टीव्हीवर सांगतात. तेव्हा असलं कोणी बोलत नव्हतं. सासरे एवढंच म्हणायचे, "पाऊस बिघाडला." कोणी म्हणायचं बोईसरच्या धुराड्यांनी ढग पळवले, कोणी म्हणायचं देवाचं काहीतरी राहिलंय. सासरे म्हणायचे, "डोंगर आपणच बोडका केला, ते नाय कोण बोलत." पण तेही हळूच, कारण भाताच्या रोपासाठी राब भाजायला फांद्या तर तेही तोडायचेच.

वरच्या पाड्यातली माणसं आधी भात झोडून झालं की जगायला जायची, वीटभट्टीवर नाहीतर रेतीवर. मग ती भात झोडायच्या आधीच जायला लागली. झोडायला काही असेल तर थांबणार ना! एकेका घराला कडी लागलेली दिसायची आणि दारात कुत्रं बसलेलं. सलग दोन वर्षं आमचंही भात दाणा भरायच्या वेळेला वाळलं. गरवं भात आमचं, उशिरा पिकणारं. त्याला शेवटचा पाऊस लागतोच, आणि तोच नेमका दगा द्यायचा. दुसऱ्या वर्षी सासरे खळ्यावरून उठले आणि म्हणाले, "आता एक वरीस बघतो. यंदा भात नाय झालं तर बैल इकायचे, घराला कडी घालायची नि पोराकडं बोईसरला जायचं." सासूबाई खाली बसून सांडलेले दाणे वेचायला लागल्या. त्यांचा टोमणा आला नाही की आम्ही सगळे घाबरायचो.

मी मात्र मनात म्हटलं, चला, सुटले! नवऱ्यानं खोली बघून ठेवली. एका सुट्टीच्या दिवशी तो सासऱ्यांना आणि मला दाखवायला घेऊन गेला. चाळीतली खोली, पण पक्की. मी तर मोरीतला नळ दोनदा सोडून बघितला. सासरे उंबऱ्याच्या आत चप्पल काढून उभे. शेजारचा माणूस हिंदीत विचारपूस करत होता आणि सासरे नुसते मान हलवत होते. थोड्या वेळानं त्यांनी मुलाला विचारलं, "इथं माणूस बाहेर कुठं बसतो?" नवरा म्हणाला, "बाबा, बाहेर गटार आहे, बाहेर कशाला बसायचं?" सासरे बरं म्हणाले. मग खाटेच्या कडेला बसले, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून. शेतावर त्या हातांना कधी रिकामं बघितलं नव्हतं मी. नळाचा आनंद माझा तिथंच अर्धा झाला. पण अर्धाच हं, सगळा नाही.

त्या वर्षी पाऊस वेळेवर आला. राबावर बी टाकलं, हिरवंगार रोप उठलं. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर जरा कळा आली. आणि मग पाऊस जो गेला तो गेलाच. आषाढात ऊन असं पडलं की वैशाख बरा! रोप पिवळं पडायला लागलं. लावायला खाचरात चिखल नाही, आणि रोप काही आपल्यासाठी थांबत नाही. त्याचं वय झालं, गाठ धरली की ते लावून उपयोग नाही. सासरे रोज सकाळी राबावर जाऊन एक रोप उपटायचे, बोटांनी दाबून बघायचे आणि बांधावर टाकून परत यायचे.

गवतही नव्हतं. आमचे दोन बैल, एक पांढरा, एक तांबडा. त्यांच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. मागच्या साली भातच कमी झालं तर पेंढा कुठून असणार? मग सासऱ्यांनी काय करावं? एक दिवस मी पाणी घेऊन आले तर हे शिडी लावून पडवीच्या छपरावर. छपरावरचा पेंढा मूठ मूठ उपसून खाली टाकतायत आणि खाली बैल मजेत खातायत!

"बाबा, अहो घर उघडं पडेल!" मी ओरडले.

"पाऊस कुठं हाय?" ते वरून म्हणाले. "छप्पर कोणासाठी मंग? त्यांना तरी खाऊ दे."

सासूबाई बाहेर आल्या, वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाल्या, "मला इतक्या वर्सांत एक साडी दिली नाय मनानं, नि बैलांना घर खायला घालतोय." पण शिडी त्यांनीच धरली होती, पडू नये म्हणून.

आणि मग दोन-तीन दिवसांतच दुपारी डोंगरावर ढगफुटीच झाली म्हणा ना! आभाळ काळं झालं ते आम्ही आनंदानं बघत होतो. मी तर अंगणात हात पसरून उभी. पण थोड्या वेळात नदीचा आवाज बदलला. पाणी पात्रातून बाहेर आलं, आमच्या राबावरून गेलं आणि जाताना वीतभर रेती टाकून गेलं. पिवळं का होईना, रोप होतं, तेही गेलं. आणि इकडं पडवीत, ज्या कोपऱ्यावरचं छप्पर बैलांनी खाल्लं होतं, त्याच कोपऱ्यात भाताची कणगी. शेणानं सारवलेली ती मोठी टोपली, तोंडापर्यंत नसली तरी पाऊसभर पुरेल एवढं खायचं भात तिच्यात होतं. पाण्याची धार सरळ कणगीत!

त्या दिवशी राबाच्या गडबडीत कणगीकडं कोणाचं लक्ष गेलं नाही. छपराचं भोक सासऱ्यांनी पानांनी बुजवलं, आणि भात वरवर कोरडं दिसलं म्हणून सासूबाईंनी झाकून ठेवलं. चारेक दिवसांनी दळणकांडणासाठी हात घातला आणि किंचाळल्याच. आतलं भात गरम लागत होतं आणि त्याला पांढरे मोड फुटले होते. खालपर्यंत सगळं असंच. लाल तांदळाचं हळवं भात ते, लवकर पिकणारं. आम्ही ते शेताच्या एका तुकड्यात फक्त पहिल्या भुकेसाठी करायचो, आणि गरवं बुडाल्यावर तेवढंच हाती उरलं होतं.

सासरे आले, बघितलं आणि भिंतीला टेकून बसले. "रोप गेलं, खायचं गेलं. आता काय उरलं? कोंबड्यांना टाक ते."

तेव्हा सासूबाई उसळल्या. "कोंबड्यांना? मोड आलेलं भात? कोणाच्या घरात टाकलंय कधी?" आमच्या सासरी तशी रीतच होती. भाताला मोड आला की ते धान्य राहिलं नाही, त्याला जमीन दाखवायची. खायचं नाही, गुरांना घालायचं नाही, फेकायचं तर मुळीच नाही. चार दाणे उगवलेले दिसले तर त्या परसात नेऊन मातीत दाबायच्या. पण चार दाणे वेगळे आणि अख्खी कणगी वेगळी!

"मंग कुठं दाबतेस एवढं? आता श्रावण लागंल. आता कुठला राब नि कुठली लावणी?" सासरे वैतागले.

आणि इथं माझी जीभ वळवळली. गप्प बसले असते तर महिन्याभरात नळाखाली भांडी घासत असते. पण नाही! म्हणाले, "आमच्याकडं खाडीच्या खाजणात, खाऱ्या जमिनीत, लावणी करतच नाहीत. मोड आलेलं भात थेट चिखलात फेकतात. हे तर हळवं, येतं की!"

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. माझ्या माहेरच्या शेतीला सासरी कोणी शेती म्हणत नसे. सासूबाई तर म्हणायच्या, "तुमी खाडीवाले, तुमच्या भाताला मासळीचा वास." त्याच बाईनं माझं मनगट धरलं. "खरं बोलतेस?"

"लहानपणापासून बघितलंय."

"मंग चल."

सासरे बैल जुंपायला उठले, पण मनातून नाही. माझ्यासमोर म्हणाले, "तुझ्या सासूचा जीव शांत होऊ दे. देवाला दाखवायचं तसं जमिनीला दाखवू." चिखल केला. आम्ही दोघींनी टोपल्यांतून मोड आलेलं भात फेकलं. मोड तुटू नयेत म्हणून मी हळू हळू फेकत होते आणि सासूबाई मागून, "फुलं वाहतेस काय गं? हात उघड!" बांधावरून जाणारी माणसं थांबून बघायची. एक जण म्हणाला, "काकी, दिवाळीला पेरायचं राहिलं असंल तर तेबी उरकून घ्या." सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या लग्नाचं उरकते आधी, ते तरी कुठं वेळेवर झालं?"

त्याच आठवड्यात बैलांचा व्यापारी आला. मनोरकडचा माणूस, पांढरा शर्ट, पांढरी टोपी, बोलायला गोड. नदीनं शेतं धुतल्याचं त्याला कळलं होतं. अशा वेळी बरोबर येतात ते. त्यानं बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, दात बघितले. सासऱ्यांनी फार घासाघीस केली नाही. फेकलेल्या भातावर त्यांचा विश्वास नव्हताच. "दिवाळीच्या तोंडावर ये नि घेऊन जा. शब्द दिला." व्यापाऱ्यालाही ते बरं होतं, तोपर्यंत पावसाळी गवत खाऊन बैल अंग धरतील. तो गेला आणि सासूबाईंनी चूल फुंकता फुंकता एवढंच म्हटलं, "शब्द द्यायची घाई नवती." सासरे म्हणाले, "दिला तो दिला."

आणि भात आलं हो! खरंच आलं. श्रावणात पाऊस रोज पडला. आधी विरळ वाटलं, मग फुटवे धरले. भाद्रपदात कमरेएवढं. आजूबाजूला ज्यांनी म्हातारं झालेलं रोप लावलं होतं, त्यांचं भात जागच्या जागी उभं राहिलं होतं, ना मेलं ना वाढलं. आमचं काळपट हिरवं, वाऱ्यावर डुलत. मला कधी कधी राग यायचा त्याचा. म्हणजे बघा, माझी खोली त्या भातानं खाल्ली! आणि तरी संध्याकाळी मीच बांधावर जाऊन उभी राहायचे, लोंबी आली का बघायला. माणसाचं मन म्हणजे काय सांगावं.

आमच्या घरी तेव्हा नाचणीच चालू होती. तांदूळ नाही, म्हणून नाचणीची भाकरी आणि माझ्या माहेरची सुकट. त्या तीन महिन्यांत सुकटीला कोणी नावं ठेवली नाहीत.

दसऱ्यानंतर दाणा भरला. यंदा पाऊस मात्र जायचं नाव घेईना. आधी येत नव्हता, आता जात नव्हता. चार दिवस उघडीप दिसली तशी आम्ही कापणी केली आणि कापलेलं भात खाचरातच पसरून वाळत टाकलं. नवऱ्याला सुट्टी होती, तोही आला. दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगराच्या मागून ढग वर आले. मी मान वर केली आणि सासऱ्यांना हाक मारली. कापलेलं भात पाण्यात गेलं की दोन दिवसांत त्यालाही मोड. म्हणजे पुन्हा तेच!

"उचला!" सासरे ओरडले. चौघंही धावलो. पेंढ्या बांधायच्या, भारा डोक्यावर घ्यायचा, चढ चढून घरी टाकायचा, परत पळायचं. खाचर आमचं खाली नदीकाठी, घर वर. सासऱ्यांचे पाय चढावर लटपटत होते आणि ते काही केल्या थांबेनात.

आणि त्यातच बांधावर पांढरी टोपी दिसली. व्यापारी! हातात दोन नवे दोर. "राम राम" म्हणाला. कोणाला राम राम घ्यायला वेळ होता? सासूबाई एक भारा उभा करून ठेवत होत्या. त्यांनी त्याच्याकडं बघितलं, वर ढगाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "अवो पाव्हणं, उभं काय रायलात? धरा!" आणि भारा सरळ त्याच्या डोक्यावर. तो बिचारा काही बोलायच्या आत चढाला लागलेला. एकदा डोक्यावरून टोपी पडली ती त्यानं उचलली नाही, मी उचलली. पहिल्या फेरीला तो चिडलेला होता, दुसऱ्या फेरीला धापा टाकत होता आणि तिसऱ्या फेरीला स्वतःच ओरडायला लागला, "तो कोपऱ्यातला राहिला! आधी तो घ्या, तिथं पाणी साचंल!" नवरा आणि तो दोघं मिळून मोठे भारे वाहायला लागले. पांढऱ्या शर्टाची पार वाट लागली.

शेवटचा भारा पडवीत टाकला आणि पाऊस आला. काय आला! पण भात घरात होतं. ओटीवर भात, पडवीत भात, आत चुलीपर्यंत भात. बसायला जागा नाही. आम्ही भाऱ्यांवरच बसलो आणि एकमेकांकडं बघून हसायला लागलो. सगळ्यांच्या केसांत कुसळं. मी कोरा चहा टाकला. व्यापाऱ्यानं दोन कप घेतले आणि म्हणाला, "आईशपथ, बाजारात एवढी हमाली केली नाय कधी."

मग सासरे उठले. चहा तसाच ठेवून पावसात गोठ्याकडं गेले. आम्हाला वाटलं, बैलांना बघायला गेले. परत आले ते दोन्ही बैल घेऊन. अंगणात, भर पावसात उभे, दोन्ही दावी हातात. "घे भाऊ," ते म्हणाले. "शब्द होता माझा. भात आलं ते देवाची किरपा, पण शब्द तो शब्द."

मी हातातला कप खाली ठेवला. भात वाचलं, पण बैलांशिवाय पुढच्या वर्षी शेत कोण नांगरणार होतं? बैल गेले म्हणजे बोईसरच. जे मला हवं होतं तेच ना? आणि मी मनात म्हणत होते, देवा, नको नेऊ दे, नको नेऊ दे. सासूबाईंकडं बघवत नव्हतं.

व्यापारी उठला. स्वतःच्या शर्टाकडं बघितलं, मग घरभर रचलेल्या भाऱ्यांकडं बघितलं. अंगणात उतरला आणि सासऱ्यांच्या हातातून दावी घेतली. आणि बैलांना फिरवून गोठ्याकडं निघाला.

"अरं, वाट इकडं हाय," सासरे म्हणाले.

"गोठा तर तिकडंच हाय ना?" तो मागं न बघता म्हणाला. "एवढा पेंढा मी माझ्या डोक्यावरनं वायला. बैल घेऊन गेलो तर तो खाणार कोण? मी खाऊ?"

सासरे त्याच्या मागं दोन पावलं गेले आणि अंगणात मध्येच थांबले. पावसात माणूस रडतोय की नाही ते कळत नाही म्हणतात. साफ खोटं. कळतं. त्यांचे खांदे हलत होते आणि आवाजही येत होता. नवरा उठायला लागला तर सासूबाईंनी त्याला हातानं बसवलं. "असू दे. रडू दे त्याला," म्हणाल्या. मला मात्र राहवलं नाही. मी भाऱ्यात तोंड खुपसून रडले, आणि इतकं मोकळं वाटलं की काय सांगू! खोली गेली, नळ गेला, गेला तर गेला.

व्यापाऱ्याला आम्ही तसं सोडलं नाही. नाचणीची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. त्यानं भुरके मारून खाल्लं. सासरे कोरडं धोतर नेसून आत आले, त्याच्या शेजारी पेंढ्यांवर जागा करून बसले. पाऊस जरा कमी झाला होता. एका भाऱ्यातली लोंबी त्यांनी ओढून घेतली, तळहातावर चोळली, दाणे निरखले आणि मला हाक मारली.

"सूनबाय, उद्या ऊन पडलं की हे सगळं अंगणात काढू. झोडणी झाली की खायचं मागनं बघू." दाणे त्यांनी माझ्या हातावर ओतले. "आधी पुढल्या वर्साचं बी येगळं काढून ठेव."

सासूबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. "ऐकलंस ना?" त्या मला म्हणाल्या, आणि पिठाच्या हातानंच डोळे पुसले.